तांबूचा चीक

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या बैलाच्या खांद्यांना तूप-हळद चोळायची आणि उद्या जेवायला या म्हणून त्यांना आवतण द्यायचं. आमच्या कोठ्यात आता बैल नाही. वावर ट्रॅक्टरवाला नांगरून देतो. पण हाताची सवय जात नाही. म्हणून काल संध्याकाळी मी वाटी घेतली आणि तांबूपाशी जाऊन बसलो. तांबू आमची गाय. गाईची खांदशेकणी कोणी करत नाही हे मला ठाऊक आहे. घरातल्या झाडून सगळ्यांनी मला ते सांगून पाहिलं. सांगू द्या.

तिच्या मानेवरून तळहात खाली आणला की वण लागतात. चिंचोक्याएवढे, गोल, मधे जरा खोलगट. तिथे केस पुन्हा उगवले नाहीत. मानेवर दाट, खांद्यावर विरळ, पोटाकडे मोजके, जसं ज्वारीचं बी मुठीतून निसटत गेलं की एका बाजूला जास्त पडतं. हळद त्या खळग्यांत साचते. ती डोळे अर्धे मिटून रवंथ करत उभी राहते आणि मी त्या सालात जाऊन पडतो.

लंपीचं साल, म्हणजे ढोरांच्या अंगावर गाठी उठवणाऱ्या रोगाचं. तसा पावसाळा मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. पाऊस चांगला होता, गवत गुडघ्याएवढं होतं, पऱ्हाटी हिरवीगार, आणि गावात घंटी वाजत नव्हती. सकाळी ढोरं रानात जाताना गळ्यातल्या घंट्यांचा जो एकच एक गुंजारा होतो ना, तो असतो तोवर ऐकू येत नाही. बंद पडला तेव्हा पहिल्यांदा कानावर आला. ज्याचं त्याचं जनावर ज्याच्या त्याच्या दावणीला. अकोटचा गुरांचा बाजार बंद. घराघरांतून कडुलिंबाच्या पाल्याचा धूर, माशा उठाव्या म्हणून. त्या धुराचा वास कपड्यांत, भाकरीत, पाण्यात सुद्धा. गावाबाहेर खड्डे खणायला पिवळी मशीन येऊन उभी राहिली होती. तिचा आवाज आला की बाया हातातलं काम थांबवायच्या, आता कोणाची गेली म्हणून.

तांबूला तो रोग आषाढातच झाला. अंगभर गाठी, पाय सुजलेले, नाकातोंडाला लाळ. पोटात वासरू. मी तिला गूळ-बाजरीचा घाटा हाताने चारला, हळद-कडुलिंबाचा लेप लावला, आणि दवाखान्यातून जे जे इंजेक्शन मिळालं ते ते टोचू दिलं. देवावर आणि डॉक्टरवर माझा विश्वास सारखाच आहे, म्हणजे बेताचा. पण ती उठली. गाठी फुटल्या, वाळल्या, खपल्या पडल्या, आणि तिच्या अंगावर ही खळग्यांची शेती राहिली.

माझ्या आईच्या तोंडावर असेच वण होते. देवीचे. लहानपणी देवी अंगावर येऊन गेलेली. पुढे गावात कोणाच्या घरी देवी आली की सख्खे दारात पाय ठेवत नसत, तिथे माझी आई जाऊन बसायची. पाणी पाजायची, लिंबाच्या डहाळीने वारा घालायची. बाप ओरडायचा. ती म्हणायची, "मले नाई शिवत ते आता. आमची वळख झाली हाय." मी चौथीपर्यंत शिकलो. पाचवीत गुरुजींचं आणि माझं पटलं नाही, त्यात चूक त्यांची होती हे माझं मत अजून कायम आहे. तर आईच्या त्या बोलण्याचा अर्थ मला ना शाळेने सांगितला ना देवळाने. तो सांगितला जावयाने, आमच्याच ओट्यावर बसून.

आमची लेक माली मोर्शीकडे संत्र्याच्या मुलखात दिलेली आहे. जावई जनावरांचा डॉक्टर. त्या साली त्याची नेमणूक काही दिवस आमच्या भागात झाली, तेव्हा मुक्काम आमच्याच घरी. आता जावई सासुरवाडीला राहतो म्हणजे काय होतं ते आमच्या वऱ्हाडात सांगायला नको. सासू रोज पुरण घालायची. तिसऱ्या दिवशी तो हात जोडून म्हणाला, "मामीजी, भाकर अन् ठेचा द्या, नाई तं मी दवाखान्यात झोपतो." आणि गल्लीच्या तोंडाशी वासुदेव बसलेला असायचा, तो मोठ्याने बोलायचा, म्हणजे मला ऐकू जावं एवढ्याने: "मोठ्या घरी घरजावई आणला म्हंते बुवा!"

वासुदेव माझा चुलतभाऊ. मधे एक भिंत. पण बोलचाल नव्हती. कारण पोळा. तोरणाखाली पहिली जोडी उभी करायचा मान आमच्या दोन घरांत आहे, एक साल त्यांचा, एक साल आमचा. एकदा माझी पाळी असताना ऐन पोळ्याला भावकीत सुतक पडलं. दोन्ही घरांना सुतक, म्हणून तिसऱ्याचीच जोडी उभी राहिली. पुढच्या साली मी म्हणालो, माझी पाळी राहिली आहे, ती आता घेणार. तो म्हणाला, तुझी पाळी सुतकात गेली, आता माझी. दोघांनीही जोड्या आणल्या. तोरणाखाली बैलांची शिंगं अडकली, झुली फाटल्या, आणि म्हातारे झालेले दोन भाऊ अख्ख्या गावासमोर एकमेकांच्या बापाचा उद्धार करू लागले. बाप दोघांचे सख्खे भाऊ होते हे रागात सुचलं नाही. तेव्हापासून अबोला. खरी पाळी कोणाची होती ते मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर वाचणाऱ्याला पटेल, आणि वासुदेव बिचारा उघडा पडेल.

आणि त्या लंपीच्या साली पोळाच भरला नाही. ढोरं एकत्र आणायची नाहीत असा हुकूम होता. ज्या तोरणापायी आम्ही तोंडं फिरवली होती ते तोरण बांधलंच गेलं नाही. घरोघरी मातीचे बैल पाटावर मांडून पुजले. आणि नेमकी त्याच सकाळी तांबू व्याली.

कालवड झाली. तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका. तांबू तिला चाटत होती, अशी की जिभेचा खरखर आवाज मला ओट्यावर ऐकू यावा. जावई कोठ्यात बसून वासराचं नाक-तोंड पुसत होता. आमची मंडळी, म्हणजे मालीची आई, दारात उभी राहून हळहळत होती, "माय व माय! जावयाच्या अंगाले शेण!"

"मामाजी, कासेले लावा हिले," जावई म्हणाला.

"लावू ना बापू. जार पडू द्या आधी."

जार म्हणजे वासरामागून गाईच्या पोटातून जी पिशवी पडते ती. ती पडल्याशिवाय चीक काढायचा नाही, वासराला पाजायचा नाही, ही आमची रीत. माझ्या बापाची, त्याच्या बापाची. जार पडायच्या आधी वासरू प्यालं तर जार आत अडकते असं म्हणतात. आणि चीक फार पाजला तर वासराला हगवण लागते, म्हणून थोडा त्याला, बाकीचा खरवसाला. गल्लीतल्या घरांना खरवसाची वाटी गेली नाही तर गाय व्याली असं कोणी मानतच नाही.

"जार पडन तवा पडन," जावई म्हणाला. "वासरू काहून थांबते तिच्यासाठी?"

"आमच्या इथी तशी रीत हाय."

"रीत तुमची हाय मामाजी. भूक तिची हाय."

"बापू, तुमच्या जल्माच्या आधीपासून म्या गाई व्यायल्या पाह्यल्या."

"आवो," आमची मंडळी दारातून, "जावयासंगं असं बोलते का कोणी?"

"मी कुठी बोलून राह्यलो? तेच बोलून राह्यले!"

आणि असे आम्ही दोघं मानापानाने, अहो-जाहो करत, एकमेकांना खोटं पाडत बसलो असताना मंडळी एकदम म्हणाली, "पाहा व्ह!"

कालवड उभी राहिली होती. चार पाय चार दिशांना. पडली. पुन्हा उठली. आईच्या पुढच्या पायांत तोंड घालून पाहिलं, तिथे काही नव्हतं. छातीला ढुशी दिली. पोटाखालून वाट काढत काढत मागे गेली. जन्माला येऊन घटकाही झाली नव्हती, डोळ्यांना उजेड नवा, आणि तिला पत्ता ठाऊक होता. सड तोंडात घेतला, आणि शेपटी अशी हलायला लागली जशी कोणी आतून दोरी ओढतंय. तांबूने मान वळवून तिच्या पाठीला हुंगलं, पान्हा सोडला, आणि डोळे मिटले.

थोड्या वेळाने तांबूच्या पोटाला कळ आली. आणि जार पडली. स्वच्छ, पूर्ण.

जावई भला माणूस. हसला नाही. हसला असता तर मी आजही म्हणालो असतो की ती आपोआप पडली. एवढंच म्हणाला, "वासरू चोखते ना मामाजी, त्याच्यानंच गाईले कळ येते. त्याच्यानंच जार सुटते."

म्हणजे पाहा. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही जारीची वाट पाहत वासराचं तोंड बांधून ठेवत होतो, आणि जार वासराच्या तोंडाची वाट पाहत होती.

दुपारी ओट्यावर मी त्याला विचारलं. विचारणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून जरा दटावूनच विचारलं. एवढी काय घाई होती चिकाची? तो सांगत गेला आणि माझ्या हातातली बिडी तशीच विझली.

माणसाच्या लेकराला आईची राखण पोटात असतानाच मिळते, तो म्हणाला. राखण हा त्याचा शब्द नाही. त्याने दुसरा काही सांगितला होता, मला शेतराखणीतला हा पटला. आईने जे जे रोग भोगले, त्यांची ओळख ठेवणारे राखणदार तिच्या रक्तात फिरत असतात. माणसात ते नाळेतून लेकराकडे जातात. गाईचं तसं नाही. गाईच्या पोटात आई आणि वासरू यांच्यामधे पडदे जाड. वासरू वाढतं, पोसतं, पण राखणदार एकही पलीकडे जात नाही. वासरू जन्मतं ते रित्या हाताने. उघडं. जगातली झाडून सगळी रोगराई बाहेर उभी आणि त्याच्यापाशी काही नाही.

"मंग?"

"मंग चीक. व्यायच्या आधी गाय अंगातले राखणदार कासेत गोळा करून ठेवते. अन् वासराच्या आतड्याले जल्मताना बारीक बारीक दारं उघडी असते मामाजी. चिकातली राखण त्या दारांतून सरळ रक्तात जाते. पण दारं लागत जाते. दिवस उलटला का बंद. मंग चरवीभर पाजा, पोट भरन. राखण नाई भरत."

एका दिवसाचं दार! मी ऐकत राहिलो. एवढी मोठी सृष्टी, एवढे ऋतू, आणि हे सगळं एका दिवसाच्या फटीतून जातं. तांबूने आषाढात जे सोसलं, अंग सुजलं, गाठी फुटल्या, ते वाया गेलं नव्हतं. तिने ते साठवून ठेवलं होतं. बाहेरून वण, आतून राखण. आई जे भोगते तेच ती पाजते.

"अन् तिले लंपी झाली होती तं..."

"तिच्या चिकात लंपीची राखण असन. वळख झाली हाय ना तिची."

ओळख झाली आहे. मी उठून मागच्या दाराला गेलो. डोळ्यात धूर गेला होता.

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली, ती ऐकून आमची मंडळी सुद्धा पदराला हात पुसत येऊन बसली. खरवस वाफेवर थिजतो ना, तो कशाने थिजतो? चिकात जे जास्तीचं असतं त्याने. त्यात ही राखण मोठी. ज्याच्यामुळे वडी सुरीने कापता येते तेच वासराचं कवच. वाफवलं की वडी झकास होते आणि कवच मरतं. आम्ही वेलची-गूळ घालून गल्लीभर काय वाटत होतो ते तेव्हा कळलं.

"इतके साल वासरं जगली नाई का मंग?" मी म्हणालो. मला गप्प बसवत नाही.

"जी जगली ते तुमी पाह्यली, मामाजी."

यावर मी काही बोललो नाही, हे माझ्या घरात अजून नवल म्हणून सांगतात.

कालवड पिऊन तृप्त झाल्यावरही कासेत उरला होता, तेवढा चीक मंडळीने काढून फ्रिजमधे ठेवला. जावयाला खरवस खाऊ घातल्याशिवाय पाठवायचं नाही, शास्त्र गेलं उडत, असा तिचा निश्चय. पिवळाधमक, मधासारखा दाट चीक.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई बाहेरून आला तो उंबरठ्याबाहेरच थांबला. हातपाय औषधाच्या पाण्याने धुतले, आणि तरीही आत येईना.

"वासुदेवमामाची ढवळी गेली," तो म्हणाला. "तापातच पहाटे व्याली. गोऱ्हा हाय. जिता हाय. पण तोंडात थेंब नाई गेला त्याच्या. मायीची कास कोरडी होती."

मग मंडळी उठली आणि तिने फ्रिज उघडला. चरवी ओट्यावर ठेवली. जावयाकडे पाहून म्हणाली, "खरवस पुढच्या वेताले खाजा बापू."

"मी नेतो," जावई म्हणाला.

"नाई," मी म्हणालो. "गाय माई हाय."

चरवी कोमट पाण्यात ठेवून चीक अंगाएवढा गरम केला, थिजू न देता. तेवढा वेळ मला फार झाला. दार लागत चाललं होतं. वासुदेवच्या घरापर्यंत पन्नास पावलंही नाहीत, आणि इतक्या वर्षांत मी ती वाट चाललो नव्हतो. ढवळीवर ताडपत्री टाकलेली. कोठ्याच्या कोपऱ्यात पोत्यावर पांढरा गोऱ्हा, ओला, मान टाकलेला. वासुदेव त्याला गवताच्या बोळ्याने चोळत होता, आईच्या जिभेसारखं. त्याने वर पाहिलं.

"वाट चुकले का, मोठ्या घरचे?"

"नाई चुकलो."

"खरवस आणला का? मयतीच्या घरी?"

"खरवस नाई. कच्चा चीक हाय. अन् तुयासाठी नाई आणला."

मी खाली बसलो. गुडघे कुरकुरले. बोट चिकात बुडवून गोऱ्ह्याच्या तोंडात घातलं. तोंड गार. जीभ हलेना. पुन्हा बुडवलं, टाळूला लावलं. काही नाही. वासुदेवचा श्वास मला ऐकू येत होता. तिसऱ्यांदा बोट घातलं तेव्हा जिभेची एक सुरळी माझ्या बोटाभोवती आली, आणि ओढ लागली. केवढी ओढ! विहिरीच्या तळातून दोरीला हिसका बसावा तशी. मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी हाताने ओढल्या, नांगर, मोट, बंडीचं चाक. मला कोणी तसं ओढलं नव्हतं.

"चोखून राह्यला का, दादा?" वासुदेवने विचारलं.

"चोखून राह्यला. बाटली आण."

आपण दादा म्हणालो हे त्याला कळलं नसावं. मी आठवणही दिली नाही.

परत आलो तर जावयाने मला अंगणातच अडवलं. कपडे काढायला लावून, कढत पाण्याने आणि औषधाने डोक्यापासून न्हाऊ घातलं, की तो रोग माझ्या पायाने आमच्या कोठ्यात जाऊ नये. गावाने पाहिलं. जावयाने सासऱ्याला भर अंगणात आंघोळ घातली, हे अजून पारावर निघतं. निघू द्या.

उरलेला चीक संध्याकाळपर्यंत थोडा थोडा पाजला. पुढे भिंतीवर रोज एक तांब्या तांबूच्या दुधाचा ठेवायचा, पलीकडून वासुदेव उचलायचा. बाकी शेळीचं दूध. "जगन का?" मी जावयाला विचारलं. तो म्हणाला, सांगता येत नाही, आजारी मायीच्या पोटातून आला आहे, आणि पहाटेपासून चीक पोटात जाईपर्यंत किती दार उघडं राहिलं असेल कोण जाणे. मग काही दिवसांनी गोऱ्ह्याच्या मानेवर गाठी आल्या. दोन-तीन. वासुदेव भिंतीपलीकडून म्हणाला, "दादा, आल्या." मी म्हणालो, "दिसते." एवढंच. ते दिवस आम्ही दोघंही भिंतीपाशी बसून काढले, तो त्या बाजूला, मी या बाजूला. लिंबाचा धूर दोन्हीकडून उठायचा आणि वर एक व्हायचा.

गाठी वाढल्या नाहीत. सुपारीएवढ्या होऊन थांबल्या, मग शेंगदाण्याएवढ्या, मग हाताला लागेनाशा झाल्या. आणि एका सकाळी भिंतीपलीकडे भांडं उलथल्याचा आवाज आला आणि वासुदेवची शिवी. गोऱ्ह्याने त्याला ढुशी दिली होती. इतकी गोड शिवी मी ऐकली नाही.

आमच्या कालवडीच्या अंगावर एकही गाठ उठली नाही. मी जावयाला म्हणालो, आता हिला लस टोचून टाका. तो म्हणाला, एवढ्यात नाही. आईची राखण अंगात आहे तोवर लस रुजत नाही, आईचे राखणदार तिलाही परकी समजून हाकलून देतात. पाच-सहा महिन्यांनी आईचं विरून जाईल, मग हिचं हिला उभं करू. हे मला फार लागलं. आई गेली तेव्हा मी बाप्या माणूस होतो, तरी चार दिवस घर उघडं वाटलं होतं. तिने काय पाजलं, किती दिवस पुरलं, ते कुठल्या डॉक्टरला सांगता येईल? तिचा तो वणांचा चेहरा मला लहानपणी कुरूप वाटत नव्हता. मला वाटायचं, आया अशाच असतात.

तर पोळा परत आला. दोन साल भरतो आहे, पण तोरणाखाली आधी कोणी, हा प्रश्न आम्ही दोघांनी टाळला. दुसऱ्यांच्या जोड्या पुढे जाऊ दिल्या. यंदा वासुदेवची स्वतःची जोडी आहे, आणि तिच्यात उजव्या हाताला तो गोऱ्हा आहे. चिक्या नाव ठेवलंय त्याचं. खांदा असा भरला आहे की हात पुरत नाही. काल मी तांबूला हळद चोळत होतो तेव्हा वासुदेव भिंतीवरून डोकावला.

"दादा, उद्या तोरणाखाली पयली जोडी कोणाची?"

"तुई."

तो दचकला. "म्हंजे तवा पाळी माईच होती, हे कबूल?"

"कबूल नाई. चिक्या आमच्या तांबूच्या चिकावर हाय. तो पयला उभा राह्यला म्हंजे मान आमच्याच घरचा झाला."

"मरशीन दादा, पण सोडणार नाई!" तो हसत हसत भिंतीवरून उतरला.

माली आणि जावई पोळ्याला आले आहेत. कालवडीची आता गाय झाली, पंधरा दिवसांपूर्वी पहिलटकरीण व्याली. वासरू आधी पोटभर प्यालं. मग उरलेला चीक मंडळीने जावयासाठी फ्रिजच्या बर्फात राखून ठेवला, आणि आज त्याच्या खरवसाची वाटी पुढे केली. खाता खाता तो मला म्हणाला, "मामाजी, खरं सांगू का? ते राखण कवाचीच विरून गेली. चिक्याच्या रक्तात आता तांबूचं काईच नाई."

तेवढ्यात रस्त्याने घंट्या आल्या. झूल पांघरलेला, शिंगांना बेगड, वासुदेव पुढे कासरा धरून ताठ, आणि चिक्या आमच्या दारासमोर येऊन थांबला. कोठ्यातून तांबू हंबरली.

"मंग तो उभा कायच्यावर हाय, बापू?" मी म्हणालो.